वजन आधी, रंग नंतर: वॉशिंग मशीनसाठी कपड्यांचे ढीग कसे लावावेत

घरात नवं वॉशिंग मशीन आलं की पांढरे कपडे वेगळे टाका, रंगीत वेगळे टाका, एवढं शेजारपाजारचं कुणीही सांगतं. सल्ला बरोबरच आहे. पण मशीन पिळताना धडधडतं, मध्येच थांबतं, साडीचा दोर होतो, ब्लाउजची शिवण उसवते, काळ्या पँटीवर टॉवेलचे तंतू चिकटून बसतात, यातल्या कशाचाही रंगाशी संबंध नाही. जाड आणि पातळ कपडे एका घाण्यात टाकले की हे सगळं होतं. नवीन माणसाने पहिल्या दिवसापासून कपडे वजनाप्रमाणे वेगळे करायची सवय लावून घेतली, तर कपडे टिकतात, मशीन टिकतं आणि पाणीही वाचतं.

आपल्या खानदेशात ही सवय जास्तच उपयोगी पडते. एकाच घरात आजोबांचं धोतर, सदरा नि टोपी, आजींचं नऊवारी लुगडं, सुनेचे पंजाबी ड्रेस, कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या जीन्स, शेतातले मातीने भरलेले कपडे आणि वर सोलापुरी चादरी, असं सगळं धुण्याला असतं. नळाला पाणी कुठे दिवसाआड, कुठे आठवड्याने. बाकीचं काम बोअरच्या पाण्यावर, आणि ते बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं. अशा पाण्यात चुकीचा घाणा टाकून परत धुवायची वेळ आली तर ते परवडत नाही. पुष्कळ घरांत अजून दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीनच आहे, म्हणून इथे जास्त बोलणं त्याच्याबद्दल केलं आहे. वरून झाकण असलेलं टॉप लोड आणि समोरून दार असलेलं फ्रंट लोड यांचा फरक जिथे पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

मशीनवरचा आकडा कशाचा?

मशीनवर 6.5, 7 किंवा 8 किलो असं लिहिलेलं असतं. हे वजन कोरड्या सुती कपड्यांचं. ओल्या कपड्यांचं नाही आणि बादलीचंही नाही. शिवाय हा आकडा पूर्ण वेळेच्या सुती प्रोग्रामसाठी असतो. टॉप लोड किंवा फ्रंट लोडमध्ये झटपट धुण्याचा, नाजूक कपड्यांचा किंवा लोकरीचा प्रोग्राम लावला की क्षमता बरीच कमी होते, कधी निम्म्याहूनही कमी. प्रत्येक प्रोग्रामला किती किलो ते मशीनसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते एकदा वाचून कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवून ठेवावं.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. पिळायचा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असतो. त्यामुळे एका घाण्यात धुतलेले कपडे बहुधा दोनदा पिळावे लागतात. एकाच वेळी सगळं कोंबायला गेलं की टब फिरायच्या ऐवजी आपटतो.

आता वजन ओळखायचं कसं? प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा असला तर कोरडे कपडे पिशवीत घालून लटकवा, झालं. तो नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी रिकामं उभं राहा, मग कपड्यांची पिशवी हातात घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. हे रोज करायची गरज नाही. सुरुवातीला घरातले नेहमीचे कपडे एकेकदा मोजून घेतले की पुढे हातालाच कळतं.

साधारण अंदाज असा. लहान बाळाचं झबलं पन्नास ते शंभर ग्रॅम. पंचा शंभर-दीडशे ग्रॅम. टी-शर्ट दीडशे ते दोनशे. पूर्ण बाह्यांचा शर्ट दोनशे ते अडीचशे. सुती पायजमा अडीचशेच्या आसपास. सिंथेटिक साडी साडेतीनशे-चारशे, सुती साडी पाचशेच्या आसपास, आणि नऊवारी सुती लुगडं त्याहून बरंच जास्त. मोठा टर्किश टॉवेल चारशे ते सहाशे. मोठ्या माणसाची जीन्स सहाशे ते आठशे. एका पलंगाची चादर चारशे-पाचशे, डबल बेडची सातशे ते नऊशे. सोलापुरी चादर किलोच्या पुढेच. म्हणजे सात किलोच्या मशीनमध्ये पंचवीस-तीस शर्ट वजनाने बसतील, पण जीन्स नऊ-दहाच झाल्या की काटा भरला. आणि खरं म्हणजे काट्याने जेवढं बसतं तेवढं भरूही नये. पाऊण टब भरला की थांबावं, कपड्यांना पाण्यात वर-खाली व्हायला जागा पाहिजे.

ओल्या कपड्याचं वजन

कोरड्या वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे कपडा पाणी किती पितो. सूत पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर फारसं धरत नाही. अर्ध्या किलोचा टर्किश टॉवेल निथळत बाहेर काढला की दीड-दोन किलोचा झालेला असतो. जीन्सचंही तसंच. आणि तेवढ्याच वजनाची सिंथेटिक साडी पाण्यातून वर धरली की बरंचसं पाणी आपोआप गळून जातं.

आता हे दोन्ही पिळायच्या टबात एकत्र गेले की काय होतं ते बघा. टब फिरू लागतो, जड टॉवेल एका बाजूला जाऊन बसतो, समोरच्या बाजूला त्याच्या तोडीचं काहीच नसतं. टॉप लोडचा टब पिळताना मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. टबाची त्रिज्या पाव मीटर धरली, तर एका बाजूला फक्त एक किलो जास्त असलं तरी त्याची ओढ सव्वाशे किलोहून अधिक होते. सेमी ऑटोमॅटिकचा छोटा टब तर मिनिटाला 1300 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. मग मशीन फरशीवर सरकत जातं आणि बाई हाक मारते, “मशीन नाचस व माय!” त्यात मशीनचा दोष क्वचितच असतो.

ऑटोमॅटिक मशीन असा असमतोल ओळखून थांबतं आणि पडद्यावर ‘यूई’ किंवा तसलं काहीतरी दाखवतं. काही मशीनं स्वतःच परत पाणी भरतात, कपडे हलवून सारखे करायचा प्रयत्न करतात आणि पुन्हा पिळायला घेतात. म्हणजे एका जड टॉवेलपायी टाकीतलं आणखी एक टबभर पाणी गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला हे पाणी किती महत्त्वाचं असतं ते सांगायला नको.

ढीग लावायच्या आधी

धुण्याची पाटी घराबाहेर, ओट्यावर किंवा अंगणात न्यावी आणि प्रत्येक कपडा झटकावा. आपली काळी माती ओली असताना चिकट असते. ती तशीच पाण्यात गेली की फुगते, गाळ होऊन टबाच्या तळाशी बसते आणि पाणी जायच्या नळीत अडकते. म्हणून चिखलाने भरलेला पायजमा ओला असताना भिजवू नये. वाळू द्यावा, हाताने चोळून नि ब्रशने माती काढावी, मगच पाण्याला लावावा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाह्यांना, पदराला आणि खिशांच्या शिवणीत कापसाचे पुंजके नि वाळलेल्या पात्या अडकलेल्या असतात. त्या हातानेच वेचाव्यात, कारण मशीनमध्ये गेल्या की त्यांचा चुरा होऊन तो सगळ्या कपड्यांवर पसरतो.

खिसे उलटे करायचेच. नाणी, किल्ली, चुन्याची डबी, तंबाखूची पुडी, बियाण्याचे दाणे, मोटारीचा एखादा नट, काय वाटेल ते निघतं. चेन वर ओढायची, हुक लावायचे, परकराची नाडी सैल गाठ मारून आत सारायची. मोकळी नाडी चार शर्टांच्या बाह्यांना गुंडाळते आणि मग ते सोडवत बसावं लागतं.

केळीच्या भागातल्या, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडच्या वाचकांना केळीच्या चिकाचा डाग माहीत आहेच. ताजा असताना दिसत नाही, वाळला की तपकिरी-काळा पडतो आणि मग सहसा जात नाही. चीक लागलेला भाग ओला असतानाच साध्या पाण्याने लगेच धुऊन काढावा. घड कापायच्या कामाला ठरावीक जुने कपडे ठेवलेले बरे. डाग काढायला रॉकेल किंवा पेट्रोल लावलेला कपडा मात्र मशीनमध्ये कधीही टाकू नये. त्याच्या वाफेने आग लागू शकते.

फवारणीचे कपडे

यावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण यात जिवाशी खेळ आहे. कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. पाटीतही एकत्र ठेवायचे नाहीत. जाड असोत, पातळ असोत, त्यांचा ढीग कायमचा वेगळा.

ते त्याच दिवशी धुवायचे. हातात रबरी मोजे घालून, बाहेर वेगळ्या बादलीत आधी साध्या पाण्याने खळबळून काढायचे, मग भरपूर पावडर टाकून, शक्य असल्यास गरम पाण्यात, थोडे थोडे धुवायचे. ते पाणी विहिरीजवळ, गुरांच्या हौदाजवळ किंवा नाल्यात ओतू नये. वाळत घालताना इतर कपड्यांपासून लांब, उन्हात. मशीनमध्ये धुवायची वेळ आलीच तर फक्त तेच कपडे टाकायचे आणि नंतर नुसती पावडर नि पाणी घालून मशीन एकदा रिकामं फिरवायचं. बाटलीतलं घट्ट औषध ज्या कपड्यावर सांडलं, तो कपडा धुवायच्या फंदात पडू नका, टाकून द्या. लहान बाळाची दुपटी असलेल्या घरात तर याबाबत कुणाचंही ऐकू नये.

चार ढीग

आता मुख्य काम. कोरडे कपडे समोर घेऊन चार ढीग करा.

पहिला ढीग पातळ कपड्यांचा. मलमल, ब्लाउज, ओढण्या, पातळ सुती कुर्ते, सिंथेटिक साड्या, टोप्या, उपरणी, बाळाची झबली. चिमटीत धरलं की दोन बोटं एकमेकांना जाणवतात आणि खिडकीसमोर धरलं की उजेड आरपार येतो, असा कपडा या ढिगात. 

दुसरा मध्यम. शर्ट, सदरे, पायजमे, पंजाबी ड्रेस, टी-शर्ट, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, परकर. घरातलं निम्मं धुणं यातच येतं. सुती साड्या, लुगडी आणि साध्या चादरीही कापड म्हणून मध्यमच. पण त्या लांब असल्याने त्यांचं वेगळं बघावं लागतं, ते पुढे येईल.

तिसरा जड. जीन्स, कॉटनच्या जाड पँटी, टॉवेल, स्वेटशर्ट. यातसुद्धा टॉवेल आणि जीन्स वेगळे करता आले तर करावेत. टॉवेल तंतू सोडतो आणि ते गडद जीन्सवर चिकटतात. जीन्सच्या चेनने नि बटणांनी टॉवेलचे धागे ओढले जातात.

चौथा फार जड. सोलापुरी चादरी, बेडकव्हर, पायपुसणी, पडदे, गोधड्या. हा ढीग रोजच्या धुण्याचा नव्हेच.

कापड किती जड ते छापून दिलेलंही असतं. टॉवेल किंवा चादर घेताना लेबलवर जीएसएम हा आकडा बघा. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. मलमल शंभराच्या खाली, शर्टाचं कापड सव्वाशेच्या आसपास, टी-शर्ट 160 ते 200, जीन्सचं डेनिम साधारण 350 ते 450, चांगला टॉवेल 400 ते 600. सोपा हिशेब असा: एका घाण्यातल्या सगळ्यात जाड कपड्याचा जीएसएम सगळ्यात पातळ कपड्याच्या दुपटीच्या फार पुढे जाऊ नये. शर्ट आणि टी-शर्ट एकत्र चालतात. शर्ट आणि टॉवेल चालत नाहीत. टॉवेल 600 जीएसएमचा घेतला तर हॉटेलासारखा मऊ लागतो खरा, पण जड पाण्यात तो लवकर कडक होतो, पाणी भरपूर पितो आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. रोजच्याला पंचा किंवा 400 च्या आतला टॉवेलच आपल्याकडे सोयीचा, असं माझं ठाम मत आहे.

ढीग लागले की मग प्रत्येक ढिगातले रंग बघा. पांढरे बाजूला, फिके बाजूला, गडद बाजूला. रंग जाणारा नवा कपडा पहिल्या दोन-तीन वेळा एकटाच बादलीत धुवावा, तो कोणत्याही वजनाचा असो. घर लहान असलं आणि इतके ढीग परवडत नसले, तर फिके आणि गडद एवढेच दोन रंग ठेवा, पण पातळ नि जड एकत्र करू नका. एक पातळ ओढणी चार जीन्समध्ये गेली तर एका धुण्यातच तिची काय अवस्था होते ते दिसतं. ती पाण्यात तरंगत असते आणि भिजून जड झालेल्या जीन्स शिवणीच्या कडांनी तिला घासत राहतात.

स्वेटर आणि शाली कोणत्याच ढिगात नाहीत. धुळ्याकडे जानेवारीत थंडी चांगलीच पडते, त्यामुळे स्वेटर घरोघरी आहेत. लोकरीचा स्वेटर ओला झाला की स्वतःच्या वजनाने ओघळून लांब होतो. हाताने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा, सपाट जागी पसरून वाळवा. घोंगडीला मशीन दाखवूच नये.

मशीन कसं भरायचं

एकच जड कपडा कधी फिरवायचा नाही. एकटी जीन्स, एकटी जाड चादर पिळायला टाकली की असमतोल ठरलेलाच. तिच्या जोडीला तेवढ्याच वजनाचे आणखी दोन-तीन कपडे हवेत, म्हणजे टबाच्या सगळ्या बाजूंना भार सारखा बसतो.

टॉप लोडमध्ये कपडे एकेक करून, मोकळे, कडेकडेने सोडावेत. गोळा करून मधोमध टाकू नयेत. फ्रंट लोडमध्ये ड्रमच्या वरच्या बाजूला हात आडवा जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. सेमी ऑटोमॅटिकमध्ये आधी पाणी, मग पावडर टाकून एक-दोन मिनिटं नुसतं फिरवायचं, पावडर विरघळली की कपडे. बोअरचं पाणी असेल तर फेस कमी येतो आणि पावडर थोडी जास्त लागते. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून त्याचा पांढरट साका होतो आणि तो जाड कपड्यांच्या विणीत जाऊन बसतो. टॉवेल खरखरीत होण्याचं हेच कारण. नळाचं पाणी थोडंच असलं तर ते जाड कपडे खळबळायला राखून ठेवा, पातळ कपडे बोअरच्या पाण्यातही बऱ्यापैकी निघतात.

साडी आणि लुगडं यांचं वेगळं. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. मोकळं टाकलं की फिरता फिरता त्याचा दोर होतो आणि बाकीचे कपडे त्यात आवळले जातात. लुगडं लांबीत चार-पाच घड्या घालून सैल गुंडाळावं आणि जाळीच्या पिशवीत घालून टाकावं. एका घाण्यात दोन लुगडी पुरेत. जरीकाठाचं असेल तर मशीन नकोच. डबल बेडच्या चादरीबरोबर छोटे कपडे टाकू नयेत. चादर फुगून पिशवीसारखी होते, मोजे नि रुमाल तिच्या पोटात शिरतात आणि कोरड्या साबणासकट तसेच बाहेर येतात. चादरींबरोबर चादरी नि अभ्रे, बस.

रेनकोट, रबराचं अस्तर असलेली बाळाची चटई, मेणकापड, ताडपत्री, असं पाणी न झिरपणारं काहीही पिळायच्या टबात टाकायचं नाही, हे तर मशीनच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. पाणी त्यात साठून राहतं आणि टब वेगात असताना एकदम एका बाजूला सुटतं. त्या झटक्याने मशीन उलटू किंवा फुटू शकतं.

एका पाण्यात तीन घाणे

दोन टबांच्या मशीनचा मोठा फायदा हा, की साबणाचं पाणी टाकून द्यावं लागत नाही. पाणीटंचाईच्या गावात सगळे हेच करतात, फक्त क्रम चुकतो. बहुतेक जण टॉवेल आणि जीन्स आधी उरकतात. मग त्याच गढूळ पाण्यात शर्ट.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा पातळ पांढरे नि फिके, पाच-सहा मिनिटं पुरेत. त्याच पाण्यात मध्यम कपडे, आठ-दहा मिनिटं, गरज वाटली तर मूठभर पावडर वाढवून. शेवटी जड आणि मळके, बारा-पंधरा मिनिटं. पातळ कपडे पाणी कमी उचलतात, त्यामुळे पहिल्या घाण्यानंतर टबात पाणी जवळजवळ तेवढंच राहतं. जीन्स आधी टाकल्या तर त्या जाताना बादलीभर पाणी स्वतःत घेऊन जातात. गडद कपड्यांचा रंग जात असेल तर ते मध्यम असले तरी शेवटी टाकावेत. खळबळायचं पाणी मात्र स्वच्छच पाहिजे, आणि शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला नि संडासात ओतायला ठेवावं.

पिळणं आणि वाळवणं

पातळ कपडे एक-दीड मिनिट पिळले की पुरे. त्याहून जास्त वेळ दिला तर फक्त सुरकुत्या वाढतात. मध्यम कपड्यांना तीन मिनिटं, जाड कपड्यांना पाच. टॉप लोड नि फ्रंट लोडमध्ये मिनिटांऐवजी वेग कमी-जास्त करता येतो. पातळ कपड्यांना सगळ्यात कमी, टॉवेल-जीन्सना सगळ्यात जास्त. सगळे एकत्र असले तर पातळ कपडे जास्त पिळले जातात आणि जीन्स ओल्याच राहतात, ढीग वेगळे करायचं हे आणखी एक कारण. सेमी ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबात कपडे कडेने सारखे दाबून बसवून वरची जाळीची झाकणी घट्ट लावायला विसरू नका, नाहीतर एखादी बाही उडून टबाच्या बाहेर जाते आणि खाली अडकते. टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही. लहान पोरांना तर मशीनजवळच जाऊ देऊ नये.

मशीन धडधडायला लागलं तर त्याला धरून बसू नका. बंद करा, टब थांबू द्या, कपडे मोकळे करून पुन्हा सारखे पसरा. तरीही आवाज आला तर मशीन चारही पायांवर टेकलंय का ते बघा. एक पाय जरी अधांतरी असला तरी बरोबर भरलेला घाणाही आदळतो.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा उन्हात पातळ ओढणी बघता बघता वाळते आणि तिथेच राहिली तर रंग विटतो. म्हणून उन्हाळ्यात पातळ आणि रंगीत कपडे सावलीत, उलटे करून. जाड कपडे गच्चीवर भर उन्हात. पावसाळ्यात याच्या उलट चिंता असते. तेव्हा जड ढीग एका दिवशी थोडाच काढावा, जीन्स उलटी करून कमरेकडून दोन चिमट्यांनी उघडी टांगावी म्हणजे खिशांना हवा लागते. कुबट वास येतो तो नेहमी खिशांतून नि कमरपट्ट्यातून.

घट बसायच्या आधीचं धुणं

रोजच्या धुण्यात न येणारा चौथा ढीग वर्षातून दोन-तीनदा एकदम बाहेर येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात म्हणून, श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा भाऊबंद जमतात म्हणून, आणि सगळ्यात मोठं धुणं घट बसायच्या आधी, जेव्हा घरातली प्रत्येक गोधडी पाण्यातून काढायची असते. पूर्वी बैलगाडी भरून तापीवर, गिरणेवर नाहीतर पांझरेवर जायचे. आता नदीला पाणी असेल याचा भरवसा नाही आणि घरात मशीन आहे, म्हणून गोधड्या मशीनमध्ये कोंबल्या जातात.

सोलापुरी चादर मशीनमध्ये चालते. एका वेळी दोन, सात-आठ किलोच्या मशीनमध्ये फार तर तीन, आणि पिळायच्या टबात एकेकच, पण घडी करून टबाच्या कडेने गोल गुंडाळून बसवलेली. अशी बसवली की ती एकटी असूनही भार चारी बाजूंना वाटला जातो.

जुन्या साड्यांचे पाच-सहा थर घालून हाताने टाके घातलेली गोधडी कोरडी दोन-अडीच किलोची असली तरी भिजल्यावर फारच जड होते. घरगुती मशीनच्या पट्ट्यावर आणि तळातल्या पंख्यावर तो भार फार होतो, आणि जुने टाकेही तुटतात. तिला मशीन नकोच. मोठ्या टोपात किंवा हौदात साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पायाने तुडवा, दोन पाणी बदलून खळबळा. मग ओट्यावर किंवा खाटेवर टाकून तासभर निथळू द्या. दोघांनी दोन टोकं धरून पीळ द्यायची जुनी पद्धत नव्या मजबूत गोधडीला ठीक आहे, जुनीचे टाके त्याने जातात. कापूस भरलेली रजई किंवा गादी तर पाण्यातच घालू नये, आतला कापूस गोळा होतो. तिची खोळ तेवढी काढून धुवावी आणि आतल्याला दोन दिवस कडक ऊन द्यावं.

गोधडी दोरीवर टाकू नका, वजनाने दोरी तरी तुटते नाहीतर मधला भाग ताणतो. गच्चीच्या कठड्यावर किंवा खाट उभी करून तिच्यावर पसरा, दुपारी उलटा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्या. संध्याकाळी घडी घालायच्या आधी दोन्ही हातांनी मधोमध दाबून बघा. आतला थर जरासा जरी गार लागला तरी ट्रंकेत ठेवायची घाई करू नका, आणखी एक दिवस उन्हात राहू द्या.